सायकलवाले लक्ष्मणराव किर्लोस्कर, आणि आमची दोन सीटची सायकल

किर्लोस्कर म्हटलं की आपल्याकडे पंप आठवतो. विहिरीवरचा, नदीकाठच्या मोटारघरातला, पूर यायच्या आत चार माणसांनी उचलून वर आणलेला. जुन्या माणसांना लोखंडी नांगर आठवेल, वाचणाऱ्यांना ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिकं आठवतील. सायकल मात्र फारशी कुणाला आठवत नाही. आणि गंमत अशी, की या घराण्याच्या धंद्याची सुरुवातच सायकलपासून झालीय. बेळगावात, 1888 साली.

त्या सुरुवातीच्या माणसाबद्दल, म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांबद्दल, आज लिहितोय. मी चरित्रकार नाही. मी आष्ट्याचा, लेथ आणि वेल्डिंगच्या कामावर पोट भरणारा माणूस. गेली चार वर्षं आम्ही दोघं नवराबायको एक जुनी टँडेम चालवतो. टँडेम म्हणजे काय तर एकच लांब सायकल, तिच्यावर पुढे-मागे दोन सीट, दोन हँडल आणि पायडलच्या दोन जोड्या. ही सायकल उघडताना, जोडताना, तिच्यासाठी भाग शोधत फिरताना लक्ष्मणराव सारखे आठवत राहिले. म्हणून त्यांचं आयुष्य मी सायकलच्या बाजूने सांगणार आहे, आणि मधे मधे टँडेमचं यंत्र कसं चालतं तेही येईल. बाकीचं, म्हणजे कंपन्या, शेअर, वारस, ते तुम्हाला इतरत्र भरपूर सापडेल.

रंग न दिसणारा विद्यार्थी

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, आणि या मुलाचं लक्ष चित्रात आणि यंत्रात. 1885 मधे तो मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधे दाखल झाला. चित्रकार व्हायचं होतं. तिथे शिकता शिकता लक्षात आलं की त्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. रंगांधळेपणा.

हे नेमकं काय असतं? आपल्या डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश ओळखणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. एकींना कोन म्हणतात. त्या भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दुसऱ्या रॉड. त्या अंधुक उजेडात काम करतात, बाजूचं हलणारं-सरकणारं टिपतात, पण रंग ओळखत नाहीत. कोनचे तीन प्रकार असतात. त्यातला एखादा प्रकार जन्मापासून नसला किंवा बिघडलेला असला की लाल-हिरव्यासारखे रंग एकमेकांत मिसळतात. नजर अधू नसते, रेघ स्वच्छ दिसते. फरक पडतो तो रंगात. यावर त्या काळी उपाय नव्हता आणि जन्मजात दोषावर आजही सहज मिळणारा उपाय नाही.

चित्रकाराला हे कळणं म्हणजे दार बंद होणं. पण जे. जे. मधे यांत्रिक रेखाचित्रंही शिकवत, आणि तिथे रंगाचं काय काम? तिथे रेघ, माप आणि कोन. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघ धरली. पुढे नव्यानेच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधे, म्हणजे आजच्या व्ही. जे. टी. आय. मधे, यांत्रिक रेखाचित्राचे शिक्षक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती. शिकवायचं चित्र, पण पाय वळायचे वर्कशॉपकडे. तिथली यंत्रं, तिथलं वाफेचं इंजिन, हेच त्यांचं खरं कॉलेज झालं.

मी हा डोळ्यांचा भाग एवढा लांबवला त्याला कारण आहे. माझ्या बायकोच्या डोळ्यात बिघाड आहे तो बरोबर उलट्या बाजूचा. तिच्या रॉड पेशी हळूहळू कमी होत चालल्यात. या रोगाला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं. समोरचं बरीच वर्षं शाबूत राहतं, नळीतून बघितल्यासारखं. कॉलेजला रोज सायकलने जाणारी बाई. पण बाजूने आलेली मोटारसायकल दिसेना म्हटल्यावर तिने सायकल भिंतीला लावली ती लावलीच. पुढची सहा-सात वर्षं कुठेही जायचं तर माझ्या मागे, गाडीवर, नुसतं बसून. तिला त्या नुसतं बसण्याचाच वैताग होता. टँडेम आणली ती त्यासाठी. मागच्या माणसाला रस्ता बघावा लागत नाही, पण पाय मात्र पुढच्याइतकेच मारायचे असतात. पॅरालिंपिकमधे दृष्टी नसलेल्या किंवा कमी असलेल्या सायकलपटूंच्या शर्यती टँडेमवरच होतात. पुढे डोळस पायलट, मागे खेळाडू. वेळ दोघांची मिळून, आणि पदकही दोघांना मिळतं.

एक भाऊ मुंबईत, एक बेळगावात

आता 1888 च्या आसपास जगात सायकलचं काय चाललं होतं ते बघा. त्याआधीची सायकल म्हणजे पुढे पुरुषभर उंचीचं चाक आणि मागे बारकं. पडलं की डोक्यावर. 1885 मधे इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने रोव्हर सायकल बाजारात आणली. दोन जवळपास सारखी चाकं, मधे पायडल, आणि चेनने मागचं चाक फिरवायचं. आजची तुमची सायकलही त्याच साच्यातली. 1888 मधे जॉन डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. म्हणजे सायकल नावाची वस्तू सामान्य माणसाने बसावी अशी नुकतीच होत होती.

मुंबईत ही नवलाई लक्ष्मणरावांनी पाहिली आणि विकत घेतली. शिकले. आणि मग डोक्यात धंदा आला. थोरले भाऊ रामूअण्णा बेळगावात होते. लक्ष्मणरावांनी मुंबईतून सायकली घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या, आणि रामूअण्णांनी तिथे विकायच्या. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव इथून आलं. एका सायकलची किंमत 700 ते 1000 रुपये सांगितली जाते. त्या काळचे रुपये! म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर मोठे अधिकारी, वकील, संस्थानिक. आणि सायकल चालवायला शिकवण्याचे 15 रुपये वेगळे.

मला या 15 रुपयांचं फार कौतुक वाटतं. कारण यात धंद्याची एक मोठी गोष्ट आहे. ज्या गावाने सायकल पाहिलीच नाही, तिथे नुसती सायकल विकून भागत नाही. ती चालवायला शिकवायची, पंक्चर काढून द्यायचं, चाकाचं आऊट काढून द्यायचं, झिजलेला भाग बदलून द्यायचा. विकणारा आणि दुरुस्त करणारा एकच माणूस असला की त्याला यंत्र कुठे दमतं ते रोज कळतं. पुढे नांगर आणि कडबा कापायचं यंत्र विकताना याच सवयीचा उपयोग झाला असं माझं मत आहे. किर्लोस्करांची माणसं गावोगाव यंत्र घेऊन जात आणि शेतकऱ्याला चालवून दाखवत.

टँडेमही शिकावी लागते, अगदी चांगल्या सायकलस्वारालासुद्धा. सुरुवात सगळ्यात अवघड. पुढच्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवून, दोन्ही ब्रेक दाबून सायकल घट्ट धरायची. मागच्याने चढून दोन्ही पाय पायडलवर ठेवायचे आणि सुरुवातीचं पायडल वर आणायचं. मग पुढच्याने एक पाय टाकून ढकलायचं, आणि दोघांनी एकदम जोर द्यायचा. यात मागच्याने पाय जमिनीला टेकवायचा मोह टाळायचा असतो. ही सगळ्यात मोठी कसोटी, कारण मागच्या माणसाकडे ब्रेक नसतो, हँडल फिरत नाही, समोर फक्त पुढच्याची पाठ. पूर्ण विश्वासावर बसायचं. पहिले आठ दिवस आम्ही शाळेच्या मोकळ्या मैदानात गोल फिरत होतो आणि पोरं गोळा होऊन बघत होती.

आणखी एक. पुढच्याने पाय थांबवले की मागच्याचेही थांबतात, कारण दोन्ही पायडल एकमेकांना चेनने बांधलेली असतात. त्यामुळे न सांगता थांबलात तर मागच्याच्या गुडघ्याला हिसका बसतो. आम्ही चार शब्द ठरवलेत: खड्डा, गियर, सोडतोय, थांबतोय. घंटी मात्र मागच्या हँडलला आहे. ती तिच्या मागणीवरून.

दोघांचे पाय एका चाकाला कसे लागतात

टँडेमच्या डाव्या बाजूला एक जादा चेन असते. तिला टायमिंग चेन म्हणतात. ती पुढच्या क्रँकला मागच्या क्रँकशी जोडते. उजव्या बाजूला नेहमीची चेन, ती मागच्या क्रँकपासून मागच्या चाकाला जाते. डावीकडच्या दोन्ही चेनव्हीलचे दाते सारखे असावेच लागतात, नाहीतर एकाचे पाय दुसऱ्यापेक्षा भराभर फिरतील.

या टायमिंग चेनचा हिशोब सोपा आहे. आमच्या सायकलला दोन क्रँकच्या मध्यांतलं अंतर 26 इंच आणि दोन्हीकडे 40 दात्यांची चेनव्हील. वरची आणि खालची बाजू मिळून 52 इंच. दोन्ही चेनव्हीलवर अर्धा-अर्धा वेढा, म्हणजे मिळून एक पूर्ण वेढा. 40 दाते, दर दात्याला अर्धा इंच, म्हणजे 20 इंच. एकूण 72 इंच, म्हणजे अर्ध्या इंचाच्या 144 कड्या. आपल्या साध्या काळ्या सायकलची चेन साधारण 112 कड्यांची येते, त्यामुळे एक पुरत नाही. दुसरीचा तुकडा जोडावा लागतो. बरं हे, की दोन्हीचं माप एकच, अर्धा इंच बाय एक अष्टमांश. आष्ट्यातल्या कुठल्याही सायकल दुकानात मिळते. जोडताना लिंक चेनरिव्हेटरने नीट दाबून घ्यायची, हातोडीने नाही.

चेन सैल झाली तर? साध्या सायकलला मागचं चाक मागे ओढून चेन ताणतो. टायमिंग चेनला ते करता येत नाही, दोन्ही क्रँक फ्रेममधेच बसलेले. म्हणून पुढचा क्रँक एका जाड गोल लाकुटीसारख्या धातूच्या तुकड्यात बसवतात, पण मधोमध नाही, जरा एका बाजूला. जात्याचा खुंटा कसा काठाला असतो, तसा. हा तुकडा फिरवला की क्रँक थोडा पुढे किंवा मागे सरकतो आणि चेन ताणली जाते. याला एक्सेंट्रिक म्हणतात. आमच्या सायकलचा झिजून कुरकुरत होता. नवीन मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून मी लेथवर करून घेतला. बोर मध्यापासून सरकवून मारायचा म्हणजे चार जॉच्या चकवर काम बांधून प्रत्येक जॉ वेगळा हलवायचा. दीड दिवस गेला. त्या दिवशी भायखळ्याच्या वर्कशॉपमधे लेथपाशी रेंगाळणारा ड्रॉइंग मास्तर फार जवळचा वाटला.

दोघांचे पाय एकदम वर-खाली व्हावेत की मागेपुढे? दोन्ही चालतं. एकदम असले तर सुरुवात सोपी जाते आणि वळणावर दोघांचंही आतलं पायडल एकाच वेळी वर घेता येतं. मागेपुढे ठेवले तर जोर सलग मिळतो पण नाच विचित्र होतो. आम्ही एकदमवाले.

पूर्वी टँडेमवर बाईला पुढे बसवायची पद्धत होती. 1880 आणि 1890 च्या दशकातल्या कितीतरी इंग्लिश टँडेमचं हँडल मागच्या पुरुषाकडूनही सळईने फिरवता येई, म्हणजे बाईंनी पुढे बसून शोभा वाढवायची आणि गाडी मागून हाकायची. नशीब ती पद्धत गेली.

नोकरी सोडली तेव्हा

लक्ष्मणरावांचं मुंबईतलं आयुष्य बरं चाललं होतं. पगार होता, मान होता, शिकवण्यात हातखंडा होता. मग बढतीची वेळ आली आणि ती जागा त्यांना न देता एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. आपण आज हे एका वाक्यात वाचतो. पण बघा, घरात बायको राधाबाई, हातात ड्रॉइंग मास्तरची पक्की नोकरी, आणि दुसऱ्या बाजूला गावातलं सायकलचं दुकान. अशा वेळी बहुतेक माणसं अपमान गिळतात.

सायकलचा धंदा फार दिवस पुरणार नव्हता. गावात श्रीमंत किती असणार? एकदा त्यांनी घेतल्या की संपलं. पुढे मोठे व्यापारीही त्यात उतरले. भावांनी अमेरिकन पवनचक्क्यांची एजन्सी करून पाहिली. मग लक्ष्मणरावांची नजर आजूबाजूच्या शेतीवर गेली. पहिलं यंत्र कडबा कापायचं. मग लोखंडी नांगर. साल 1903 च्या आसपासचं.

नांगराची गोष्ट आपल्या भागात सगळ्यांनी ऐकलेली असते. लाकडी नांगर जमीन वरवर ओरखडतो, लोखंडी नांगर खोल जातो आणि ढेकूळ पलटतो. पण लोकांना वाटलं लोखंडाने जमीन विषारी होईल. पहिले नांगर विकायला जवळपास दोन वर्षं गेली. दोन वर्षं! तयार माल अंगणात पडून, कर्ज डोक्यावर. मला कुणी विचारलं की किर्लोस्करांचा मोठेपणा कशात, तर मी पंप-इंजिन सांगणार नाही, ही दोन वर्षं सांगेन. याच काळात, मे 1903 मधे, मुलगा शंतनुराव जन्मला. पुढे 1926 मधे अमेरिकेतल्या एम. आय. टी. मधून यांत्रिक अभियंता होऊन आला तोच.

आणि या दिवसांत रामूअण्णा नसते तर? लक्ष्मणराव यंत्राचे, रामूअण्णा माणसांचे आणि व्यवस्थेचे. आमच्याकडे मागे बसणाऱ्याला लोक नुसती सवारी समजतात. प्रत्यक्षात चढावर मागचे पाय थांबले की पुढच्याला लगेच कळतं कोण किती ओढत होतं.

कुंडल रोड

बेळगावात कारखाना थोडा रुळला तोवर नगरपालिकेला ती जागा गावाच्या वाढीसाठी हवी झाली. उठावं लागलं. कुठे जायचं हे ठरत नव्हतं. त्याच सुमाराला औंधला बांधकामाचं काम लक्ष्मणरावांकडे होतं, आणि औंधच्या गादीवर नुकतेच आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कलांची जाण असलेले. त्यांनी आपल्या संस्थानात या म्हणून सांगितलं. पुणे-मिरज लोहमार्गावर कुंडल रोड नावाचं स्टेशन होतं. त्याच्या जवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. जमीन म्हणजे नुसता निवडुंग आणि साप. पाणी नाही.

10 मार्च 1910 हा किर्लोस्करवाडीचा स्थापनेचा दिवस मानतात. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन बेळगावहून बिऱ्हाड हललं. निवडुंग काढायचा, झोपड्या उभ्या करायच्या, त्याच वेळी भट्टीही पेटवायची. वसाहतीची आखणी, पाणी, रस्ते, झाडं, साफसफाई हे सगळं रामूअण्णांनी अंगावर घेतलं. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अंतोबा फळणीकर ही सुरुवातीपासूनची माणसं. वाडीत शिवाशिव चालणार नाही हे ठरलेलं. रात्रीच्या राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही शिक्षा भोगून आलेले. ज्यांच्यावर चोरीचा शिक्का, त्यांच्याच हाती किल्ल्या. हे 1910 च्या महाराष्ट्रात चाललं होतं हे लक्षात घ्या. पुढे स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं.

आष्ट्याहून किर्लोस्करवाडी आम्हाला वीस-पंचवीस किलोमीटर पडते. अंकलखोपवरून कृष्णा ओलांडायची, भिलवडी, पलूस आणि मग वाडी. बालगंधर्वांचं नागठाणे वाटेच्या जवळच. ते किर्लोस्कर नाटक मंडळीतूनच पुढे आले, म्हणजे या टापूत दोन किर्लोस्कर भेटतात, एक गाण्यातले आणि एक लोखंडातले. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात म्हणून पहाटे निघत नाही, उजाडल्यावर निघतो आणि ऊन चढायच्या आत परततो. अंधारात जायचं नाही हा तिच्या डोळ्यांचा नियम.

सपाट रस्त्यावर टँडेम पळते, आणि का पळते ते समजून घेण्यासारखं आहे. वेग वाढला की सायकलवाल्याची बरीच ताकद वारा कापण्यात जाते. टँडेमवर दोन माणसांचे पाय, पण वारा कापणारी छाती जवळपास एकाचीच, दुसरा आडोशाला. म्हणून तेवढ्याच दमात आपण एकट्यापेक्षा जास्त वेगाने जातो. चढाला मात्र वाऱ्याचा हा फायदा उरत नाही. तिथे वजनच वर न्यायचं असतं आणि दोघांची लय जरा चुकली तरी जोर वाया जातो. आमच्या मागच्या हबमधे स्टर्मी-आर्चरचे तीन गियर आहेत. मधला सरळ, खालचा त्याच्या तीन-चतुर्थांश, वरचा त्याच्या एक-तृतीयांशाने जास्त. आपल्या कृष्णाकाठाला पुरतात. सागरेश्वरच्या डोंगराकडे वळलात तर पुरत नाहीत, उतरून ढकला.

उतारावर उलटा प्रश्न. आम्ही दोघं आणि सायकल मिळून दीडशे किलोच्या घरात. एकट्याच्या जवळपास दुप्पट वजन थांबवायचं, आणि ब्रेक मात्र रबराचे तेच चार तुकडे. लांब उतारावर रिम तापते. त्यात जुनी क्रोमची रिम पावसात ओली झाली की रबर तिच्यावर नुसतं घसरतं. म्हणून पुढच्या चाकात ड्रम ब्रेकचा हब बसवला. ड्रम आतून बंद असतो, पाणी सहज शिरत नाही. तुम्ही कुठली जुनी टँडेम घेणार असाल तर रंग, सीट, कॅरियर नंतर. आधी ब्रेक.

मग चाकं. काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला 40 तारा असतात आणि पुढच्याला 32, कारण बसणाऱ्याचा जास्त भार मागे येतो. टँडेमला मागे 40 पेक्षा कमी नकोच. आमच्या मागच्या हबला 40 भोकं होती हे नशीब. टायर 26 बाय 1⅜, लेडीज सायकलला मिळतो तोच, सांगलीला ठेवलेला असतो. आणि मागची सीट स्प्रिंगची हवी. पुढच्याला खड्डा दिसतो, तो ढुंगण उचलतो. मागच्याला काही दिसत नाही, तो पूर्ण दणका खातो. त्यासाठी काळ्या सायकलची दोन जाड स्प्रिंगची सीट बसवली, तिच्याइतकी चांगली सीट मला कुठल्या महागड्या सायकलवर दिसली नाही. मागचं हँडल पुढच्या सीटच्या दांड्याला आवळलेलं असतं, तो दांडा भक्कम पाहिजे. क्रँक जुन्या पद्धतीचे, कॉटर पिनचे. चार क्रँक, चार पिना. दर दोनशे किलोमीटरला एकदा तपासतो. सैल झालेली पिन आधी तिलाच कळते, आवाजावरून. मी पुढे बडबडत असतो. ती ऐकत असते.

वाडी जळाली तेव्हा

पहिल्या महायुद्धात बाहेरचा माल थांबला आणि देशी नांगराला मागणी आली. मग चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, हातपंप, 1926 च्या सुमाराला सेंट्रिफ्यूगल पंप, पुढे इंजिन. 1920 मधे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. 1946 मधे पुण्यात ऑइल इंजिनांची आणि बेंगळुरूला विजेच्या मोटारींची कंपनी निघाली. हा भाग मी पळवतोय, कारण तो सगळ्यांना माहीत आहे.

जे कमी सांगितलं जातं ते 1948 चं. 30 जानेवारीला गांधीजींची हत्या झाली आणि आपल्या भागात ब्राह्मणांच्या घरांवर, दुकानांवर हल्ले झाले. किर्लोस्करवाडीही सुटली नाही. कारखान्याला आग लावली गेली. जिथे शिवाशिव मोडून, सगळ्या जातींची माणसं एका वस्तीत राहत होती, तिथे. लक्ष्मणराव तेव्हा 78 वर्षांचे होते. निवडुंग काढून उभं केलेलं डोळ्यांदेखत जळलेलं पाहणं काय असेल, मला कल्पना करवत नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला, आजही चालू आहे, पंपच करतो. आम्ही वाडीत गेलो की स्टेशनजवळ झाडाखाली थांबतो, चहा घेतो, चेनला तेल सोडतो. शिफ्ट सुटली की माणसं सायकलभोवती गोळा होतात. तिथल्या कामगारांचे प्रश्न नेमके असतात. रंगाबद्दल कुणी विचारत नाही, एक्सेंट्रिकबद्दल विचारतात. उत्तरं हल्ली तीच देते.

26 सप्टेंबर 1956 रोजी पुण्यात लक्ष्मणराव गेले. त्याच वर्षी लुधियानात हिरो सायकलचा कारखाना सुरू झाला आणि काही वर्षांत सायकल गड्याच्या, पोस्टमनच्या, दूधवाल्याच्या हातात आली. 1969 मधे जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. बेळगावात आज किर्लोस्कर रोड आहे.